आधी तुझं, मग माझं

प्रिय ताई,

तू फोन ठेवलास त्याला चार महिने झाले. बाबांची खबर शेजारच्या काकूंकडून कळते. अर्धांगवायूनं गेलेला डावा हात अजून उचलत नाही, पण चिडणं पूर्वीसारखं सुरू झालंय, म्हणजे सुधारणा आहे म्हणायची. तुझ्याबद्दल विचारलं की काकू म्हणतात, ती काय, आहे. तुझा नंबर लावायला घेते आणि फोन खाली ठेवते, कारण पुन्हा 'म्हणजे तुझं म्हणणं असं की' सुरू करीन याची धास्ती वाटते.

माझं म्हणशील तर अगदी मेटाकुटीला आलेय. गटाचं तिसरं वर्ष, दर बुधवारी साडेचारला कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरची तीच खोली. डुगडुगत्या खुर्च्या मीच गोल मांडायच्या आणि मीच पुन्हा रांगेत लावायच्या. किती हौसेनं काढला होता हा संवाद गट! ज्यांचं पटत नाही त्यांनी समोरासमोर बसून बोलायचं, नियम एकच: आधी तुझं, मग माझं. समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडून सांगायचं, तो 'हो, हेच' म्हणाला की मगच आपलं पुढे रेटायचं. हे पाळून घ्यायला मी मध्ये, म्हणून पोरं मला पंच म्हणतात. पहिल्या वर्षी उभं राहायला जागा नसायची. आता सहाजण येतात, त्यातले दोघे पंख्याच्या हवेसाठी.

त्या दिवशी फोनवर तुझ्यावरही मी तोच नियम चालवला. बाबांची आंघोळ, गोळ्यांच्या वेळा, दोनदा उतू गेलेलं दूध, असं काय काय तू सांगत होतीस. शेवटी त्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचं, तुला दुसऱ्यांदा बोलावलंय आणि तिसऱ्यांदा बोलावणार नाहीत, हे. मी शांत आवाजात म्हणाले की म्हणजे तुझं म्हणणं असं, घरच्या कामाची वाटणी सारखी नाही. तू म्हणालीस, "माझंच मला पोपटासारखं ऐकवू नकोस." वर मी शहाणी, पुढच्या बुधवारी गटात तुझं उदाहरण दिलं, लोक ऐकून घ्यायला कसे तयार नसतात याचं. आज सांगताना लाज वाटते.

परवाच्या बुधवारी हजेरीवरून जुंपली होती. एक मुलगी पहाटे बेकरीत काम करून कॉलेजला येते आणि वर्गात डुलक्या घेते. तिला हजेरीत सूट का, म्हणून वर्गातल्या एका मुलाची तक्रार. ती म्हणाली, मला सूट नको, माझा डबा रोज तसाच परत जातो, बस चुकते, वही कुणी देत नाही. मी तिचं बोलणं जसंच्या तसं परत सांगितलं. ती म्हणाली, "शब्द सगळे बरोबर आहेत. पण मी हे म्हणत नव्हते." तेवढ्यात तो तक्रार करणाराच नियम मोडून मध्ये बोलला, "तू दमलीस ना गं?" तिनं मान हलवली आणि ओढणीत तोंड लपवलं. आणि मला तुझं उतू गेलेलं दूध आठवलं.

ताई, तू दमलीस. तू हेच सांगत होतीस ना? काकू म्हणाल्या, प्रशिक्षण सोमवारी सुरू होतंय आणि तू अजून त्यांना नकार कळवलेला नाहीस. मग कळवू नकोस. सोमवारी तू जा. गटाच्या खोलीची किल्ली मी त्या तक्रारवाल्या मुलाच्या हातात दिलीय, परीक्षा पुढच्या वर्षी देईन असा अर्जही टाकलाय. मला बाबांना भरवता येत नाही, ते ओरडतील, मी रडेन, पण जमेल. शनिवारी दुपारी पोचते. मला अजूनही कळलं नसेल तर दारातच सांग. कळलं असेल तर काही बोलू नकोस, नुसती तुझी बॅग माळ्यावरून काढून ठेव.

तुझीच,
धाकटी