सई बर्फावर जाणार की नाही

शुक्र. १२ सप्टें. २०१४

आज गांभीर्यपूर्वक नोंदवून ठेवतो: माझ्या गाडीवर माझा हक्क उरलेला नाही. तो सईच्या हॉकीच्या बॅगेने बळकावला. ओले पॅड, ओले हातमोजे, पायमोजे (कधीचे, ते विचारू नये), सगळं डिकीत बंद आणि गाडी दुपारभर मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या उन्हात. संध्याकाळी दार उघडलं की जे बाहेर येतं त्याला संस्कृतात शब्द नाही. प्राकृतातही नसावा. काल मंत्रालयातल्या एका सज्जन अधिकाऱ्याला घरी सोडायला निघालो, तर दोन सिग्नलनंतर म्हणाले, इथेच उतरतो. त्यांचं घर बरंच पुढे आहे.

वृंदा: "तुमची लेक, तुमची गाडी. माझ्या बाल्कनीत ती बॅग येणार नाही."
सई: "बाबा, हॉकीचा वास असाच असतो. चिल."

चिल तर आहेच. बाहेर शर्ट पाठीला चिकटतो आणि आत बर्फाच्या रिंकच्या बाकावर मी शाल पांघरून, कानटोपी घालून. रिंकचे मॅनेजर हमीदभाई दापोलीचे. आजही विचारलंच, "काय पंडित, बद्रीनाथला चाललास काय?"

पण पोरगी बर्फावर उतरली की शालीचं भान राहत नाही. घरात दारांच्या कडांना धडकणारी ही पंधरा वर्षांची मुलगी तिथे अशी वळते की... असो. बापाने फार लिहू नये.

मंगळ. १६ सप्टें.

पुण्याहून संपादकांचा फोन. रविवारच्या पुरवणीला "मस्कतहून काहीतरी गार" हवंय. आइस हॉकीवर लिहू का, म्हटलं. "कोण वाचणार हो? बरं लिहा, फोटो छान येतील." माझ्या पत्रकारितेचं मर्म त्यांना कळलंय.

संध्याकाळी अझैबाला, ग्लेनकडे. ग्लेन म्हणजे सईचा कोच. कॅनडात बरीच वर्षं व्यावसायिक खेळला, आता इथे तेलकंपनीत कामगारांना सुरक्षेचे धडे देतो. देहाने कपाट, आवाजाने बालवाडीच्या बाई. जुन्या-नव्या सामन्यांच्या चित्रफिती लावून बसलो.

जुना खेळ मलाही समजेल इतका सावकाश. एकमेकांना काठीने अडकवायचं, अंगरखा धरायचा, ओढायचं. मधेच हातमोजे फेकून मारामारी, आणि पंच लांब उभे. ग्लेनचं काम तेच होतं. "आमच्या चांगल्या खेळाडूला कुणी हात लावला तर मी जायचो." म्हणजे द्वारपाल, मी म्हटलं. अर्थ सांगितल्यावर खूश. "ड्वारपाल" असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्या उजव्या हाताची मूठ आता पुरती मिटत नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो.

मग नवा खेळ. डोळा पोचत नाही. मिनिटभरसुद्धा न थांबता गडी आत-बाहेर, पुन्हा ताजे गडी, पुन्हा तोच वेग. मी विचारलं, एवढा वेग आला कुठून? ग्लेन म्हणाला, "धरायला बंदी केली ना. धरणारे हात गेले, खेळ सुटला." द्वारपालांनाही आता फारसं काम नाही, संघ अशी माणसं ठेवेनासे झालेत. छान झालं की मग, मी. त्याने चित्रफीत मागे नेऊन एक धडक दाखवली. नियमात बसणारी. मग पुन्हा दाखवली.

शनि. २० सप्टें.

दुबईच्या पोरांशी मैत्रीचा सामना. मुली पुरेशा नाहीत म्हणून सई मुलांच्यातच खेळते. कडेच्या फळीपाशी अडकलेली चकती (यांचा चेंडू) काढायला वाकली होती. दुबईचा एक उंच मुलगा आला, खांदा लागला, डोकं फळीवर. शिट्टी नाही. चूक कुणाचीच नव्हती. तो मुलगाच आधी थांबला बिचारा, हात पुढे केला.

ती आपली आपण उठली. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. हमीदभाई: "काय नाय हो, रबराची पोरगी!" ग्लेनने मात्र तिला परत आत सोडलं नाही. ती त्याच्याशी बोलेना.

येताना गाडीत आमचं नेहमीचं. पाठशाळेत ऋचा घोकायची आमची एक रीत होती: पहिलं पद दुसऱ्याला जोडायचं, मग उलट, मग परत सुलट, आणि मग पुढची जोडी. सई लहान असताना मी ती रीत हमरस्त्यावरच्या गावांना लावून दाखवली, तेव्हापासून रिंकवरून परतताना हे चालतं. कुरम-खुवैर, खुवैर-कुरम, कुरम-खुवैर, खुवैर-घुब्रा, घुब्रा-खुवैर... आणि असंच सीबपर्यंत. घर येण्याआधी संपवायचं. ती झोपेतही म्हणेल.

आज घुब्राशी थांबली. परत पहिल्यापासून, परत घुब्राशी. "बोअर झालंय, बाबा." खिडकीबाहेर बघत बसली. मीही रेडिओ लावला.

सोम. २२ सप्टें.

शाळेतून आली ती खोलीतला दिवा न लावता पडून. वृंदा: "डोकं दुखतंय तिचं. शनिवारपासून. तुम्हाला दिसत कसं नाही?"
सई आतून: "नाही दुखत! आय ॲम फाइन!"

डॉक्टरीणबाई ओमानी, शांत. मेंदूला हादरा बसलाय, फोटोत वावगं काही नाही. विश्रांती, मोबाइल बंद, बर्फ बंद. कधीपर्यंत? "पाहू. इन्शाल्ला." सई रडली. मोबाइलसाठी नव्हे, बर्फासाठी.

गुरु. २५ सप्टें.

लेख पुरा करायचा म्हणून ग्लेनकडे गेलो. लेखाचं बोललोच नाही.

त्यांच्या काळी असल्या हादऱ्याला कुणी दुखणंच म्हणत नसे, म्हणाला. डोकं गरगरलं तर बाकावर बसवून कोच विचारायचा, बोटं किती? अंदाजाने सांगायचं आणि आत. तो ठोशांचा खेळ होता, पण त्या ठोशांना नावगाव होतं. "मला कुणी मारलं तर त्याचं नाव माहीत असायचं. त्याच्याबरोबर नंतर बिअरही प्यायलोय. आता सगळे नियमात असतात, सगळी सभ्य पोरं, आणि इतक्या वेगात येतात की राग कुणावर धरायचा?"

चहात साखर हवी का, विचारलं. नको म्हटलं. थोड्या वेळाने परत विचारलं. मी परत नको म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "आधी विचारलं होतं ना मी?"

मी म्हटलं, नाही.

निघताना विचारलं, पुन्हा जन्म मिळाला तर खेळशील? "उद्या सकाळी," म्हणाला. हसला नाही.

रवि. २८ सप्टें.

लेख पाठवला. संपादक: "ड्वारपाल बेस्ट! शेवटचा परिच्छेद जरा उदास वाटला, काढलाय. त्या जागी पेंग्विनचा फोटो." पेंग्विनचा आणि हॉकीचा संबंध विचारला. "बर्फ," म्हणाले.

सई बरी दिसते. जेवते. आईशी भांडली, हे आरोग्याचं लक्षण.

शुक्र. ३ ऑक्टो. दसरा

आपट्याची पानं मिळाली नाहीत, त्यामुळे सोनं यंदाही तोंडीच. शस्त्रपूजेला माझा लॅपटॉप, वृंदाची शिवणाची कात्री आणि मिक्सर. सईने न विचारता स्केट्स आणून मांडले, काठी मांडली, शेजारी हेल्मेट. वृंदाने स्केट्सकडे पाहिलं. मला वाटलं, उचलून बाजूला ठेवणार. ठेवले नाहीत. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. हेल्मेटला कुंकू लावलं, पुढे गेली, परत आली, पुन्हा लावलं.

दुपारी सई सोफ्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि आपणहून सुरू केलं. कुरम-खुवैर, खुवैर-कुरम... घुब्रा, अझैबा, मवालेह, थेट सीब. एका दमात. कुठे अडखळ नाही. "झालं? आता जाऊ ना बर्फावर?"

मी वृंदाला हाका मारत स्वयंपाकघरात गेलो. पोरगी बरी झाली गं, सगळं बिनचूक म्हणाली! वृंदा पुऱ्या तळत होती. मागे वळलीही नाही.

"गेले चार दिवस बाथरूममध्ये नळ सोडून तेच घोकत्येय ती. ऐकू येतं मला."

आमचे गुरुजी म्हणायचे, पाठ असं हवं की ताप भरला तरी चुकू नये. मी तिला अगदी तसंच शिकवलं. आणि तिच्या डोक्याचा हालहवाल बघायला कसोटी धरली ती नेमकी पाठांतराची. शास्त्रीबुवा म्हणवतो स्वतःला.

रवि. ५ ऑक्टो.

ईदची सुट्टी. हमीदभाईंकडे बिर्याणी. ते सगळ्या पाहुण्यांना सईची ओळख करून देत होते, "ही आमची चॅम्पियन." टीव्हीचा आवाज मोठा होता, पोरं दंगा करत होती. सई मधेच उठून बाहेर गाडीत जाऊन बसली. गेलो तर म्हणाली, "गरम होत होतं आत." आत एसी चालू होता. गाडीत नव्हता.

शेजारी बसलो. तिनेच विचारलं, "तू आईला सांगणार?"

काय सांगू, म्हटलं.

"काहीच नाही. गरम होत होतं."

गुरु. ९ ऑक्टो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्रास नसेल तर हळूहळू सुरू करायला हरकत नाही. धडका सध्या नकोत. त्रास आहे का? सईने मान हलवली, नाही. डॉक्टरीणबाईंकडे न बघता ती आम्हा दोघांकडे बघत होती. गाडीतलं बसणं मी तिथे सांगितलं नाही. वृंदालाही आत्ताच सांगितलं, रात्री जेवताना. तिने पोळी ताटात तशीच ठेवली.

ग्लेनला फोन केला होता. म्हणाला, "उद्या आली तर मी विचारीन. ती सांगेल, ठीक आहे. मीही दर वेळी हेच सांगायचो, आणि माझ्या कोचला तेच ऐकायचं असायचं. तू बाप आहेस. मी नुसता द्वारपाल." उच्चार आता सुधारलाय.

वृंदा: "तुम्ही नाही म्हणा. माझं 'नाही' तिला रोजचंच आहे. तुमचं ऐकेल."
सई: "बाबा, प्लीज. तू सांग ना आईला."

उद्या शुक्रवार.

धडकेची भीती वाटतेच. पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे. सईला दुखलं तरी ती मला सांगणार नाही. ती बर्फावर असताना इथे बाकावर माझा चेहरा कसा उजळतो, ते तिने पाहिलंय. तो चेहरा तिला जपायचाय.

वृंदाला अजून उत्तर दिलेलं नाही.