भार कोणाच्या हाती

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हते आणि मला तुमच्याशी बोलता येत नसे. तेव्हा हे लिहिण्याचे प्रयोजन मलाही नीट सांगता येणार नाही. आई गेली. तिचे सर्व विधी रीतसर झाले. मी रडलो नाही, आणि रडलो नाही याचे काही वाटलेही नाही. अकोल्याच्या कचेरीत जातो, कापसाचे नमुने बोटांनी उकलून तंतूची लांबी पाहतो, विलायतेच्या पत्रांना उत्तरे लिहितो. आज अशाच एका उत्तरात ‘कार्गो’ हा शब्द लिहिला आणि लेखणी पुढे सरकेना.

हा शब्द मी प्रथम ऐकला तो तुम्ही मालधक्क्यावर उपाशी बसलात त्या दिवशी. अमेरिकेतल्या लढाईने आपल्या कापसाला सोन्याचे मोल आणले होते. रूळ अकोल्यापर्यंत पोचले होते आणि पुढे अमरावतीकडे मातीचे भराव पडत होते. तुम्ही अमरावतीहून गाड्यांची रांग घेऊन आला होता. मी नुकताच कापूस विलायतेला धाडणाऱ्या साहेबाच्या कचेरीत लागलो होतो. रेल्वेच्या मालबाबूने निरोप धाडला म्हणून धावत आलो. पाहतो तो गाठी उतरलेल्या, बैल सोडलेले, बाकीचे गाडीवान जेवून सावलीला आडवे झालेले, आणि तुम्ही गाठींना पाठ लावून ताठ बसलेले. भाकरीचे फडके मांडीवर, गाठ न सोडलेले.

आपल्या गाडीवानांची रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. माल भरला की रांगेचा पुढारी गाठीवर तळहात ठेवून म्हणे, “आला माह्यावर.” मुक्कामी पोचल्यावर घेणाऱ्याने तसाच हात ठेवून म्हणायचे, “घेतला.” तो शब्द येईपर्यंत पुढाऱ्याने त्या गावात अन्न घ्यायचे नाही. व्यापाऱ्यांचे मुनीम हे मुकाट्याने करीत. मालबाबू कोकणातून आलेला. त्याला हे नवे होते.

“अहो, पावती दिली ना? घ्या आणि सुटा,” तो म्हणतो आहे.

“कागद तं पोचल्याचा हाय, बाबू. घेतला कोनं?”

“रेल्वेने घेतला.”

तुम्ही रुळांकडे शांतपणे पाहता. “तिले हात कुठं हाय?”

गाडीवान हसतात. एक जण पडल्यापडल्या ओरडतो, “दादा, खाऊन घ्या आता! का आगगाडीच वाढनार हाय तुमाले?” तुम्ही हसत नाही. तेवढ्यात साहेब आले आणि काठीचे टोक गाठींकडे करून मालबाबूला म्हणाले, हा कार्गो अजून इथेच का? मग तुमची नजर माझ्यावर आली.

“तू त्याईच्याच कचेरीत हाय ना? मंग तू घे.”

मला तसा अधिकार नव्हता. पावती झाल्यावर मालाची जबाबदारी कोणाची, हे मला नेमके माहीत होते आणि त्यात माझे नाव कुठेच बसत नव्हते. तरीही साहेबांसमोर मी गाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “घेतला.” तुम्ही फडके सोडलेत, कांदा बुक्कीने फोडलात आणि जेवलात. मला मात्र “तू जेवला का” असे विचारले नाहीत. त्या घडीला मी माल घेणारा होतो, आणि त्याला ते कोणी विचारत नसे.

पुढे कचेरीने मला व्यापारी पत्रव्यवहार शिकायला मुंबईला पाठवले. तिथे कापूस खरेदीला आलेला एक स्पॅनिश गृहस्थ भेटला. त्याच्या करारात मी ‘कार्गो’ लिहिले, तेव्हा तो म्हणाला की हा शब्द इंग्रजांनी आमच्याकडून उचलला, पण अर्धाच. इंग्रजीत तो जहाजाच्या पोटातला माल. स्पॅनिशमध्ये तो मुळात भार. शिवाय माणसावर सोपवलेले काम, त्याचा हुद्दा, त्याच्या हवाली केलेली माणसे हेही कार्गोच. कोणावर आरोप ठेवला तर तोही. मी मूळ विचारले. तो म्हणाला, मूळ जुन्या लॅटिनमधले, त्याचा अर्थ गाडी. आधी गाडी, मग गाडीवर लादणे, मग लादलेला भार, आणि मग तो वाहणारा माणूस. हे तुम्हाला सांगावे असे त्या दिवशी फार वाटले होते. पण तोवर रूळ अमरावतीच्या दारात, बडनेऱ्याला पोचले होते, गाड्यांची रांग मोडली होती आणि तुम्ही अंथरुणाला खिळला होता.

मी अमरावतीला घरी आलो तेव्हा आई दारातच म्हणाली, “काई खाऊन नाई राह्यले रे. तुयीच वाट पाहून राह्यले.” वैद्य म्हणत होते, अन्नावरची वासना गेली. तुम्ही माझा हात धरलात, आईचा हात ओढून त्याच्याखाली ठेवलात आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिलात. मला समजायला वेळ लागला नाही. मी म्हणालो, “घेतला.” मग आईने भरवलेली कण्यांची पेज तुम्ही घोटघोट घेतलीत. पहाटे तुम्ही गेलात.

त्यानंतर मी आईला अकोल्याला आणले. तिला काही कमी पडू दिले नाही. ती मला कधीकधी तुमच्या लकबीत हाक मारी, “काहून गा, जेवला नाईस?” मी जेवत असे. आमच्यात याहून अधिक बोलणे होत नसे आणि आम्हा दोघांना ते पुरत असे.

तिला सरणावर ठेवल्यावर गुरुजींनी मला मागे सरायला सांगितले. मी तिच्या हातावर तळहात ठेवून उभा राहिलो. लोकांना वाटले, मुलाचा पाय निघत नाही. कोणी खांद्याला धरले, कोणी “चला आता” म्हणाले. मी त्यांचे ऐकून हात काढला.

बाबा, मी तेव्हा शोक करीत नव्हतो. कोणीतरी “घेतला” म्हणेल, म्हणून थांबलो होतो. समोर ताट केव्हाचे वाढून ठेवले आहे.