पाटकर सरांचं शून्य

७ जुलै
पाटकर सरांशी भांडले. क्लास त्यांचा, गणित शिकवते मी; मुलुंडला चौथा मजला, लिफ्ट कायम बंद. नाव पूर्ण लिहायचीही इच्छा नाही. यापुढे नुसतं पा.

स्पेशल बॅच निवडायच्या परीक्षेत पा.नी काढलेलं इंटिग्रल: ० ते π, १ भागिले (१ + sin²x). पा.चं उत्तर शून्य! अहो, आलेख सगळा अक्षाच्या वर, मग खालचं क्षेत्रफळ शून्य कसं? tan x = t घेतलं, दोन्ही टोकांना शून्य आलं, झाले मोकळे. मध्ये π/२ ला tan अनंतात पळतो, ते कोण बघणार?

विक्रोळीच्या सायली परबने तिथेच तोडून दोन भाग केले. π/√२. बरोब्बर. त्यावर पा.ची लाल फुली. त्या एका गणिताने तिची बॅच हुकली. इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेची खरी तयारी फक्त त्या बॅचमध्येच होते.

८ जुलै
चहा पिता पिता आलेखाखाली चार पट्ट्या पाडून क्षेत्रफळाचा आकडा काढला. साधारण २.२२. सायलीच्या उत्तराचाही तोच. कागद पा.समोर ठेवला.
"मॅडम, असले अंदाजपंचे आकडे आपल्याकडे चालत नाहीत. छापील नोट्स आहेत."
"नोट्स चुकल्यात, सर."
"तुम्हाला इथे राहायचंय ना?"
घरी येऊन भांडी आपटली.

१० जुलै
सायलीची आई आली, ऑफिसात हाफ डे टाकून. "माझ्या चेडवाचा काय चुकला, ता तरी सांगा." पा. मोबाइलमधून मान वर न करता बोलत होते. शेवटी कटकट नको म्हणून फेरपरीक्षा कबूल. गणित तेच ठेवणार, मुद्दाम. नीच माणूस.

१२ जुलै
सायलीने शून्य लिहिलं. बॅच मिळाली.

पा. पेपर माझ्या नाकासमोर नाचवत: "बघा, पोरीला कळलं, तुम्हाला नाही."

तिला जिन्यात गाठलं. "अगं, असं का केलंस?"
"मला बॅच पाहिजे होती ना, मॅडम. खरं उत्तर येतंच की मला."

तिचाही राग आला. पण तिला बोलायला माझ्याकडे तोंड कुठे होतं? पा.ला मीही रोज गुड मॉर्निंग करतेच...

१३ जुलै
पा.चा मेसेज. उद्या स्पेशल बॅचला पेपर बोर्डवर सोडवून दाखवा, माझ्या उत्तरांप्रमाणे. जमत नसेल तर दुसरा क्लास बघा.

पाठोपाठ सायलीचा. "मॅडम, उद्या तुम्ही काय लिहिणार?"

उघडून वाचला. तिकडे निळ्या खुणा दिसल्या असणार. अजून उत्तर दिलेलं नाही.