सातपूरचे तारू आणि माझी पुढची खोली

“डिंकानं विश्वास चिकटत नाही, बाई,” असे आमच्या चर्चच्या मंडळीचे ज्येष्ठ पंच श्री. धोंडीराम रणपिसे मला १९९३ च्या उन्हाळ्यात सगळ्यांसमोर म्हणाले होते. मी बायबलच्या वर्गातल्या मुलांना कागद कापायला बसवले होते, त्यावरून. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

मी, सौ. मोहिनी किशोर उजागरे, वय चव्वेचाळीस, राहणार सातपूर, नाशिक, पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची असल्याने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे, कुणी भरीस घातलेले नाही. माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. सातपूर कॉलनीतले दोन खोल्यांचे घर वडिलांनी माझ्या नावावर केले आहे. त्यात माझे पती किशोर यांनी हयातभर राहावे. मात्र पुढची खोली दर रविवारी मुलांच्या वर्गाला द्यावी, आणि किशोरनंतर सगळे घर वर्गाचे व्हावे. वर्ग भरतो ती चर्चची मागची खोली पाडून तिथे नवे सभागृह होणार आहे, त्यामुळे वर्गाला छप्पर राहिलेले नाही. छप्पर नसले की वर्ग आपोआप बंद पडतो, कुणाला ठराव करावा लागत नाही. ते मला होऊ द्यायचे नाही.

हे मी किशोरला आधीच सांगितले आहे. तो म्हणाला, “म्हणजे मी माझ्याच घरात भाडेकरू?”

“नाही, शिपाई. रविवारी सतरंजी अंथरायची.”

“पगार?”

“चहा.”

त्याने होकार दिला आहे, असे समजावे.

२. कात्र्या, ब्रश, रंग, मैद्याची खळ शिजवण्याचे पातेले आणि पुठ्ठ्यांचा सगळा साठा ज्योत्स्नाला द्यावा. ती वर्गात आली तेव्हा सात वर्षांची होती. आज हरसूलला शाळेत शिकवते आणि शनिवारच्या बसने येऊन माझ्याबरोबर वर्ग घेते. मोठी कात्री मात्र शेजारच्या वत्सलाबाईंनी ब्लाउज बेतायला नेली ती नेलीच. ती आता त्यांनाच दिली. कागदाच्या कात्रीने कापड कापू नये, एवढेच या मृत्युपत्राद्वारे त्यांना कळवते.

३. हाताची काठीही ज्योत्स्नाचीच. ही काठी काय आहे ते पुढे येणाऱ्या पंचांना ठाऊक नसेल, म्हणून लिहिते.

१९९३ च्या त्या उन्हाळ्यात आम्ही नोहाचे तारू, म्हणजे जलप्रलयातले त्याचे जहाज, करायला घेतले. पवित्र शास्त्रात त्याची मापे हातांत दिली आहेत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. दहा हातांना एक हात धरून चर्चच्या अंगणात मावेल एवढे तारू करायचे ठरले. कारखान्यांतून यंत्रांच्या खोक्यांचे पुठ्ठे मिळाले. मी मुलांच्या टोळ्या केल्या आणि सांगितले, घरून आपापल्या हाताने मोजून बाजू कापून आणा. रविवारी सगळे तुकडे आले. थोरल्या मुलांची बाजू फाटकापर्यंत गेली, धाकट्यांची अंगणाच्या मध्यातच संपली. दोन्ही टोके जुळेनात.

धोंडीरामकाका पायरीवर उभे राहून पोट धरून हसले. “मोहिनीबाई, या तारवात नोहाच बुडाला असता!” सगळे हसले. मला रडू येत होते.

ज्योत्स्ना उठून सरळ त्यांच्यासमोर गेली. “काका, नोहा म्हातारा होता ना?”

“होता. सहाशे वर्षांचा.”

“मग म्हाताऱ्याचा हात पाहिजे. तुमचा द्या.”

काकांनी तिच्याकडे पाहिले, मग सदऱ्याची बाही वर सारली आणि हात पायरीवर ठेवला. त्या हाताच्या मापाची आम्ही काठी कापली आणि सगळे पुठ्ठे नव्याने मोजले. दिवस कलताना तारवाच्या दोन्ही बाजू टोकाला येऊन भेटल्या तेव्हा मुले अशी ओरडली की सिडकोकडे निघालेले मोटारसायकलवाले थांबून बघू लागले. काकांनी मुलांना तारवाची लांबी, रुंदी, उंची विचारली. कुणीही पाठ केले नव्हते. सगळ्यांनी एकदम सांगितले. काका एवढेच म्हणाले, “दार बाजूला पाहिजे. पुढं नाही.” आणि घरी गेले. दार आम्ही बाजूला केले.

त्यानंतर यरीहोची भिंत झाली, योनाचा मासा झाला, आणि दरवर्षी काकांचा विरोधही झाला. गेल्या एप्रिलच्या सभेत त्यांनी पुन्हा ठराव मांडला, हातकाम बंद करून फक्त वचने पाठ करून घ्यावीत. पंचांपैकी बहुतेक जण त्या तारवाच्या टोळ्यांतलेच. ठराव पडला. त्या दिवशी मी रिक्षा न करता चालत घरी आले, सबंध रस्ता गाणे म्हणत.

४. पोस्टातली बचत किशोरची. त्यातून त्याने आधी दात बसवून घ्यावेत. टाळाटाळ चालणार नाही.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. धोंडीराम रणपिसे यांनी करावी. होय, त्यांनीच. वर्गाला माझ्या घराची खोली देणे त्यांना पटणार नाही, पण शब्द पाळताना त्यांनी आजवर काडीचीही तडजोड केलेली नाही. माझ्या बाजूच्या माणसांपेक्षा मला त्यांचा भरवसा अधिक आहे.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सौ. मोहिनी किशोर उजागरे
सातपूर, नाशिक. दि. १२ ऑगस्ट २००७

साक्षीदार : १. अमोल शिरसाठ, शेजारी
२. हर्षाली भालेराव, शेजारी

यापुढचे सहीच्या खाली लिहिते आहे, म्हणजे कायद्याने ते कुणावर बंधनकारक नाही. काका, माझी वेळ येईल तेव्हा शवपेटीला काळे कापड लावू नका, पॉलिशही नको. कोरी पेटी अर्धा दिवस मुलांच्या ताब्यात द्या. त्यांना हवे ते रंगवू दे, हत्ती, मासे, वाकडेतिकडे तारे. रंग वाळेपर्यंत चर्चच्या पाळकसाहेबांना थांबवून ठेवा. तुम्ही ‘नाही’ म्हणणार हे मला माहीत आहे. तरी मागते : पहिला ब्रश तुम्ही फिरवा.