शेजारची सीट

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेली पुढच्या दिव्याची काच तडा न जाता पोचली आणि बसलीही. बाबांची गाडी पूर्ण झाली. भंगारवाल्याकडे कोंबड्यांचं खुराडं होऊन पडलेली ती दुसऱ्या महायुद्धाआधीची, डावीकडे स्टिअरिंग असलेली अमेरिकन गाडी आता पाहिलीस तर ओळखणार नाहीस. काळ्या रंगात चेहरा दिसतो आणि बॉनेट एवढं लांब, की शेडचं दार अजूनही पुरतं लागत नाही. हौसेला मोल नसतं. आई तिला सवत म्हणायची, आणि वर जाऊन बसायची त्या सवतीच्याच मांडीवर. बाबा गाडीखाली आडवे आणि ही पुढच्या सीटवर विणकाम घेऊन, मागतील तो पाना त्यांच्या हातात देत.

माझीही बातमी आहे. मुख्य प्रयोगशाळेत बढती मिळालीय, पण दुसऱ्या शहरात. महिनाअखेर कळवायचंय. अजून कळवलेलं नाही, कारण बाबा.

आई गेल्यावर त्यांनी स्वतःला कामात गाडून घेतलं. सगळं कसं कारखान्यातून आजच निघाल्यासारखं हवं, हा त्यांचा हेका तुला माहीतच आहे. शेवटी राहिली पुढची सीट. गादीवाल्यानं दोनदा विचारलं, जुन्या स्प्रिंगा चांगल्या आहेत, फक्त उजवीकडे दबल्यात, ठेवू का? बाबांनी त्यालाच कामचुकार ठरवलं. नव्या स्प्रिंगा, नवा काथ्या, नवं राखाडी लोकरी कापड, आणि जुनं सगळं भंगारात. त्या संध्याकाळी बाबा स्टिअरिंगमागे बसले, सवयीनं शेजारी हात टेकवला, आणि तिथला खळगा त्यांना सापडेना. ती बाजू आईच्या वजनानं दबली होती रे. हाताला ते ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं. माणूस करायला जातो एक आणि होतं भलतंच. आई गेली तेव्हा न रडलेले बाबा त्या दिवशी गाडीत बसून रडले.

दुसऱ्या दिवसापासून ते मला शेजारी बसवायला लागले. म्हणाले, तुझा बांधा अगदी आईचा, तू बसत गेलीस की सीट दबेल. मी हसले, म्हटलं नव्याचे नऊ दिवस. आता कामावरून आले की पर्स ठेवून थेट गाडीत. बाबा गाडी सुरू करत नाहीत, नुसतं स्टिअरिंग फिरवत बसतात. मी जरा सरकले तर खुणेनंच पुन्हा जागेवर. मग आईच्या सुया आणून दिल्या, मग तिचा चष्मा. मला विणता येत नाही, तरी हातात धरून बसते. राग येतो, आणि बाबांचा राग आला म्हणून रडू येतं.

फोनवर सांगितलं असतं, पण घरी ते कायम जवळच असतात आणि कामावर चारचौघांत हे बोलवत नाही. आईला ते राणीसाहेब म्हणायचे, आणि गाडीत बसल्यावर दर वेळी विचारायचे, निघायचं ना? काल त्यांनी समोर बघत मला तसंच विचारलं. त्यांना काय झालंय ते डॉक्टर बघतील. मी घाबरले ती माझ्या उत्तराला. अहो, जरा हळू चालवा, असं मी म्हणाले, अगदी सहज, आईच्या आवाजात. आणि सीट दबायला लागलीय, धाकट्या. बाबांचं मी बघत आलेच आहे. तू ये तो मला तिथून उठवायला ये.

अजून तरी तुझीच,
ताई