कडेत घातलेलं शिसं

सोमवार, ९ तारीख

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वर ‘प्रभूमध्ये प्रिय’ लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. आपल्या चर्चच्या मंडळीने तुझ्या शिकवणीवरून तुला सहभागितेबाहेर ठेवलं तेव्हापासून तो मायना तुला लावता येत नाही, आणि मी नियम मोडणाऱ्यांतली नाही हे तुला माहीत आहे.

इकडे सगळं ठीक. बाप्तिस्म्याच्या हौदाला पुन्हा चीर गेली. व्यासपीठाच्या फळ्या काढून गवंडी आत उतरला आणि म्हणाला, “बाई, ह्यात माणसं बुडवता?” मी म्हटलं, “बुडवतो आणि बाहेरही काढतो. तू सिमेंट लाव.” पाळकांचा घसा बसलाय, उपदेश मात्र तेवढाच लांब. तू पाळक आहेस त्या मंडळीत म्हणे खुर्च्या पुरत नाहीत. ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला असं सांगितलं की गर्दी व्हायचीच.

मला वाद उकरून काढायचा नाही. तुझं म्हणणं, कोण विश्वास ठेवणार हे देवाला आधी दिसलं म्हणून त्याने त्यांना निवडलं. आमचं म्हणणं, त्याने निवडलं म्हणून ते विश्वास ठेवतात, आणि वधस्तंभावर ख्रिस्ताने किंमत भरली ती फक्त त्यांचीच, सगळ्यांची नव्हे. मी अजून तिथेच उभी आहे.

तुझ्या भावोजींनी सध्या दुकान बंद ठेवलंय. शिलाई घरात चालू असते. हौदात उतरणाऱ्यांचे पांढरे झगे आजवर त्यांनीच शिवले, तुझाही. पाण्यात झगा फुगून वर येऊ नये म्हणून खालच्या कडेत शिशाचे तुकडे घालायचे, तेही त्यांचंच काम. स्वतः मात्र कधी पाण्यात उतरले नाहीत. रविवारी शेवटच्या बाकावर बसायचे, आणि मी विषय काढला की म्हणायचे, “मास्तरीणबाई, सगळेच भिजले तर टॉवेल कोण धरणार?”

गेल्या महिन्यात मशीनवर एक झगा दिसला. खांदे रुंद. “कोणाचा?” म्हटलं.

“आहे एक गिऱ्हाईक,” म्हणाले. “बरीच वर्षं माप देत नव्हतं.”

रीतीप्रमाणे बाप्तिस्मा मागायला ते सभासदांच्या सभेत उभे राहिले. पाळकांनी विचारलं, “आपण निवडलेले आहात अशी खात्री आहे?” दुसरा कुणी ‘हो’ म्हणून मोकळा झाला असता. हे म्हणाले, “नाही. गिऱ्हाईक येणार हे मला माहीत असणं वेगळं, आणि मी ठरवलं म्हणून त्याने येणं वेगळं. देवाचं ह्यातलं कुठलं, ते मला कळत नाही. तो माझ्यासाठी मेला का, एवढं कुणीतरी सांगा. मग मी उतरतो.”

मग ठराव आला, सध्या थांबावं. हात वर झाले.

त्यांत माझाही होता. हे शेजारीच बसले होते.

घरी येताना म्हणाले, “हात दुखत नाही ना? बराच वेळ वर होता.”

तेव्हापासून घरात रोज तेच. भांडण नाही, भांडण परवडलं असतं. मी म्हणते, “ख्रिस्त पापी लोकांसाठी मेला.” ते म्हणतात, “ते मंडळीच्या भिंतीवर लिहिलंय. मी माझ्याबद्दल विचारतोय.” मी म्हणते, “विश्वास ठेवा, मग कळेल.” “म्हणजे आधी अंगात घालायचं आणि मग कापड कापायचं?” मला हसू येतं, आणि मी स्वयंपाकघरात जाते. तिथे ओट्यापाशी उभी राहून ‘ख्रिस्त तुमच्यासाठी मेला’ हे वाक्य म्हणून पाहते. ‘तुमच्यासाठी’पर्यंत येते आणि नळ सोडते. जे मला माहीत नाही ते मी कसं सांगू? खोटा धीर देणं मला कधी जमलं नाही. तू नापास झालास तेव्हा तुलाही मीच सांगितलं होतं, तोंडावर.

आता मुद्द्याचं. गुरुवारी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर चांगले आहेत, पण धोका किती हे सांगताना ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. दुकान त्यासाठीच बंद आहे. हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

पत्र माणसाबरोबर पाठवतेय, तू बुधवारपर्यंत ये. तुला ते वाक्य सहज म्हणता येतं, कुणालाही. ह्यांना विचारलं, धाकट्याला बोलावू का? म्हणाले, “येऊ दे की. पण त्याचं मला पाठ आहे, तो पोस्टमनलाही सांगतो. तुझ्या तोंडून आलं तर मी खरं मानेन. तू उगाच बोलणारी नाहीस.”

तरी ये. त्यांच्या पलंगापाशी बस आणि म्हण. मी दारात उभी राहीन. तुझ्या मागोमाग माझ्याने म्हणवलं, तर म्हणेन. एकटीने सुरुवात होत नाहीये.

झग्याची फक्त कड राहिली होती. आज दुपारी शिसं घालून ती मी शिवली. टाके वाकडे आलेत. त्यांनी पाहिले, आणि उसवले नाहीत.

प्रभूमध्ये तुझी,
ताई