ब्रेकमधली हवा

मुरबाड, शनिवार, १० डिसेंबर २००५

काल लिहिलं ते खोटं आहे. मोटरसायकलला नवा पाइप बसवून ब्रेकमधली हवा काढताना वहिनीने लिव्हर लवकर सोडला नव्हता. वरच्या डबीतलं ऑइल संपलं, म्हणून हवा परत शिरली. डबीकडे बघणं माझं काम. मी वहिनीचा हात बघत बसले. लहानपणापासून गॅरेजात लिव्हर दाबायला आप्पा मलाच बोलवायचे. "धर गो, सोडू नको." आता ते "धर गो" तिला?

आप्पा तिच्यावरच चिडले, "तुला नाय जमायचं, पोरी. जा, भात बघ." मी गप्प राहिले. वर बरंही वाटलं. शी!

आज "धर गो" मलाच होतं, पण माझी नजर सारखी डबीकडेच जात होती. वहिनी माहेरी शेणव्याला गेलीय, परवा येईल. तिच्यासमोरच आप्पांना सांगायचं. सोमवारी, १२ तारखेला.